दोघंच मागे राहिले : पॅक-12च्या वाटणीचं प्रकरण

माझं गाव पलूस, जिल्हा सांगली. एम.एस.साठी मी ज्या पुलमनला गेलो, ते गव्हाच्या टेकड्यांच्या ज्या मुलखात आहे त्याचं नावही पलूसच. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. आई म्हणाली, "पलूसातनं निघून पलूसातच चाललास की रे." वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या हद्दीला लागून असलेलं हे तीस-बत्तीस हजार वस्तीचं गाव. त्यातून वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी काढली तर शेतंच उरतील. फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉलचं, हातात चेंडू घेऊन खेळतात त्या) स्टेडियम कॅम्पसच्या ऐन मध्यात आहे. सामन्याच्या दिवशी एका बाजूचे लोक 'गो' ओरडतात, समोरचे 'कूग्ज'. कूगर हे संघाचं बोधचिन्ह. पुढे हेच दोन शब्द जन्मभर रामरामासारखे वापरले जातात. कुठल्याही विमानतळावर किरमिजी टोपीवाला अनोळखी माणूस दिसला की 'गो कूग्ज' म्हणायचं, मग पुढे जायचं.

मी आता पुण्यात असतो. पश्चिम किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे रविवार सकाळचे आठ वाजलेले असतात. न्यूयॉर्क तोवर झोपायच्या तयारीला लागलेलं. आमचं विद्यापीठ पॅक-12 या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांच्या गटात, तिकडच्या भाषेत कॉन्फरन्समध्ये, होतं. या उशिराच्या सामन्यांना तिकडे 'पॅक-12 आफ्टर डार्क' म्हणत, आणि पूर्वेकडचा प्रेक्षक ते बघत नाही हे त्या कॉन्फरन्सचं जुनं दुखणं होतं. आमच्या घरी ती वेळ पोह्यांची. बशी मांडीवर, लॅपटॉप समोर, अशी कित्येक वर्षं रविवारची सुरुवात झाली.

2023च्या ऑगस्टमध्ये ती कॉन्फरन्स मोडली. बारातले दहा सभासद निघून गेले आणि दोनच राहिले: पुलमनची वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसची ओरेगन स्टेट. कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये शोभतं, कुणाचे खेळाडू कुठे जाणार, आमच्या संघाचं पुढे काय होणार, या तीन प्रश्नांवर आम्ही मित्रांनी तेव्हापासून जितका वाद घातला तितका दुसऱ्या कशावरच घातला नसेल. त्या वादात काय खरं निघालं आणि काय खोटं, ते इथे नीट मांडतो.

घर कसं होतं

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळायचं ठरवलेल्या विद्यापीठांचा गट. वेळापत्रक, पंच, विजेतेपद हे सगळं गटाचं असतं, आणि टीव्हीचे हक्कही गट म्हणूनच विकले जातात. आलेला पैसा सभासदांत वाटला जातो. शेवटच्या काही वर्षांत पॅक-12मध्ये हा वाटा दर विद्यापीठाला साधारण साडेतीन कोटी डॉलर पडत होता. पुलमनसारख्या ठिकाणी पोहण्यापासून रोइंगपर्यंतचे सगळे खेळ याच पैशावर चालायचे.

हा गट 1915च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंडमधल्या एका हॉटेलात पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स या नावाने सुरू झाला. पहिले सभासद चार: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट 1917मध्ये आली. म्हणजे मागे राहिलेल्या दोघांतली एक तर संस्थापक, आणि दुसरी दोनच वर्षांनी आलेली. यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची बडी विद्यापीठं 1922 आणि 1928मध्ये आली. हे क्रम मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ज्यांना 'आता तुमची लायकी नाही' असं सुनावलं गेलं, घराचा पाया त्यांनी घातला होता. सगळ्या खेळांत मिळून पाचशेहून जास्त राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं या गटाकडे होती.

हातचं सोडून

30 जून 2022ला यूएससी आणि यूसीएलए यांनी जाहीर केलं, की 2024पासून आम्ही बिग टेनमध्ये खेळणार. बिग टेन मूळची मिशिगन, ओहायो, इलिनॉय या भागातली. पुढे ती न्यू जर्सीपर्यंत पसरली. त्याच ऑगस्टमध्ये तिने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, 7 अब्ज डॉलरहून मोठा करार केला. लॉस एंजेलिस आपल्याकडे आहे हे दाखवल्यामुळे त्या कराराला वजन आलं.

पण घर एका दिवसात फुटत नाही. पॅक-12ने 2011मध्ये बारा वर्षांसाठी 3 अब्ज डॉलरचा करार केला होता, तेव्हाचा तो सगळ्यात मोठा. त्याच जोरावर 2012मध्ये स्वतःचं चॅनेलचं जाळं उभारलं: एक राष्ट्रीय, सहा प्रादेशिक, मालकी पूर्णपणे स्वतःची. डायरेक्टटीव्ही या मोठ्या डिश टीव्ही कंपनीने हे जाळं कधी घेतलंच नाही. मालकी आपली, पण लाखो घरांत चित्र दिसत नाही, अशी गत झाली. 2021च्या उन्हाळ्यात टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग 12 ही शेजारची कॉन्फरन्स सोडायचं ठरवलं, तेव्हा तिथली घाबरलेली विद्यापीठं हाताशी होती. पॅक-12ने ऑगस्टमध्ये कळवलं, आम्हाला नवे सभासद नकोत. दोन वर्षांनी त्याच बिग 12ने पॅक-12ची चार विद्यापीठं नेली.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते. तेव्हाच्या बातम्यांनुसार 2022च्या शरद ऋतूत ईएसपीएनने दर विद्यापीठाला सुमारे 3 कोटी डॉलरची तयारी दाखवली होती आणि पॅक-12च्या अध्यक्षांनी 5 कोटी मागितले. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागले. ईएसपीएन उठून गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये बिग 12ने दर सभासदाला सुमारे 3 कोटी 17 लाखांच्या करारावर सही केली. सरासरी वकुबाच्या, पण सही करून मोकळ्या झालेल्या गटाने स्वतःला थोर समजणाऱ्या गटाला मागे टाकलं.

जुना करार 2024च्या उन्हाळ्यात संपत होता. हक्क गटाकडे बांधलेले होते तेही तोवरच. त्यानंतर कुणीही दंड न भरता निघू शकत होतं. सामायिक विहिरीचा करार संपत आलाय आणि प्रत्येक भाऊ रात्री गुपचूप नव्या बोअरची चौकशी करतोय, असं ते वर्ष गेलं.

27 जुलै 2023ला कोलोरॅडो बाहेर पडलं. 1 ऑगस्टला पॅक-12चे कमिशनर, म्हणजे गटाचे कारभारी, जॉर्ज क्लियाव्कॉफ यांनी ॲपलचा प्रस्ताव मांडला: सुरुवातीला अडीच कोटींच्या आसपास, वर्गणीदार वाढले तर जास्त. शुक्रवार 4 ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ जणांच्या सह्या होणार अशी बातमी होती. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. मी ऑफिसातून परतताना चांदणी चौकात गाडी बाजूला घेऊन फोन बघत होतो. सह्या झाल्याच नाहीत. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेली, तेही जवळपास अर्ध्या वाट्यावर. मी झोपायच्या आत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12मध्ये गेल्याचं कळलं. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसीत गेली. एसीसी म्हणजे अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या गटात, आणि त्यासाठी सुरुवातीची कित्येक वर्षं 30 टक्क्यांच्या वाट्यावर राजी.

सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढेच आहे. मोडलेल्या या गटाचा तो शेवटचा मोसम कित्येक वर्षांतला सर्वोत्तम ठरला. सप्टेंबरच्या मध्यात एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिल्या पंचवीस संघांत आठ पॅक-12चे होते आणि वॉशिंग्टनचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. 23 सप्टेंबरला पुलमनमध्ये दोघा मागे राहिलेल्यांचा सामना झाला. दोघंही क्रमवारीत. वॉशिंग्टन स्टेटने तो 38-35 असा जिंकला. लोकांनी त्याला 'पॅक-2ची फायनल' म्हटलं. इकडे पहाट होती, घरचे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होतो.

कोण कुठे शोभतं

आता वादाकडे येतो. आमच्या तिघांच्या फोनवर हा वाद वर्षभर चालला: मी पुण्यात, एक मित्र सिएटलला (तो वॉशिंग्टन विद्यापीठाचा, मूळचा नाशिकचा), एक कॉर्व्हॅलिसला.

सिएटलवाल्याचं म्हणणं सरळ होतं. "अरे, सिएटलमध्ये टीव्ही किती आणि तुझ्या पुलमनमध्ये किती? एवढा हिशोब कर, उत्तर मिळेल." मी म्हणायचो, पुलमनमध्ये शिकलेले सगळ्यात जास्त लोक सिएटलच्याच परिसरात राहतात, टीव्ही त्यांच्याही घरात आहे. पण टीव्हीवाले हिशोब गावावर करतात, माणूस कुठे शिकला यावर नाही.

कॉर्व्हॅलिसवाला दुसरं टोक धरायचा: खेळ बघा. 2018मध्ये वॉशिंग्टन स्टेटचे 11 विजय, विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक. ओरेगन स्टेट 2022ला 10 विजय मिळवून उभी. बेसबॉलमध्ये त्यांची तीन राष्ट्रीय विजेतेपदं. तिसरा मुद्दा अभ्यासाचा. बड्या संशोधन विद्यापीठांची एएयू नावाची संघटना आहे. गेलेली दहाही तिची सभासद आहेत, आमची दोन्ही नाहीत. बिग टेनचे अध्यक्ष हे बघतात असं म्हणतात. मला हा मुद्दा कधीच पटला नाही. फुटबॉलचं वेळापत्रक कुणाच्या प्रयोगशाळा पाहून ठरत नाही.

वादाचा निकाल मैदानात कसा लागला? 2024मध्ये ओरेगनने बिग टेन पहिल्याच वर्षी 13-0ने (तेरा विजय, एकही हार नाही) जिंकली. मग 'शोभलं' म्हणायचं? त्याच बिग टेनमध्ये वॉशिंग्टन 6-7 आणि यूएससी 7-6. बिग 12मध्ये ॲरिझोना स्टेट शेवटची, सोळावी येईल असं भाकीत होतं. तिने विजेतेपद पटकावलं आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, टेक्ससला दोन जादा डावांपर्यंत झुंजवलं. एसीसीत जाण्यासाठी टीव्हीच्या पैशावर नऊ वर्षं पाणी सोडलेली डॅलसची एसएमयू त्याच वर्षी प्लेऑफला पोचली. पहिल्या वर्षाच्या निकालावरून कोण कुठे शोभतं ते ठरवता येत नाही, हे मला तरी त्यावरून कळलं.

माझं मत वेगळ्या मापाचं आहे. 'शोभणं' हे आधी शेजारपणावर मोजावं. पाठीराखा गाडी काढून दुसऱ्या गावच्या सामन्याला जाऊ शकतो का? व्हॉलीबॉलची मुलगी गुरुवारी खेळायला गेली तर सोमवारच्या तासाला बसू शकते का? आजोबा ज्यांच्याशी भांडले त्यांच्याशीच नातू भांडतो का? फुटबॉल संघ चार्टर विमानाने आठवड्याला एकदा जातो, त्याचं निभतं. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, टेनिस यांच्या मुली साध्या विमानांनी, आठवड्याच्या मधल्या दिवशी जातात. यूसीएलएची मुलगी न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जाते तेव्हा सुमारे 4,000 किलोमीटर आणि तीन तासांचा वेळेचा फरक ओलांडते. फुटबॉलच्या पैशासाठी केलेल्या सोयरिकीची पायपीट तिच्या वाट्याला आली.

आणि शेजाऱ्यांची भांडणं. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट 1900पासून खेळताहेत, 1962पासून त्याला 'ॲपल कप' म्हणतात. आता तो कॉन्फरन्सबाहेरचा सामना म्हणून 2028पर्यंत ठरवून ठेवलाय. 2024चा ॲपल कप सिएटलमध्ये झाला. शेवटच्या मिनिटाच्या सुमाराला आम्ही 24-19ने पुढे होतो, चेंडू आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर आणि वॉशिंग्टनची चौथी, शेवटची संधी. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू खेळवणारा मुख्य खेळाडू, मैदानाच्या अरुंद बाजूला धावला, चेंडू मागच्याकडे फेकला आणि आमच्या मुलांनी त्या मागच्याला रेषेआधीच पाडलं. सिएटलवाल्या मित्राने लगेच फोन केला, शब्द न बोलता दोन सेकंद थांबला आणि "गो कूग्ज" म्हणून ठेवून दिला. असा फोन मला रटगर्सकडून कधी येणार नाही.

कोलफॅक्सचं कोर्ट

मागे राहिलेल्यांकडे एकच गोष्ट उरली होती: गटाची लिखित घटना. पॅक-12च्या नियमात लिहिलं होतं, की मुदतीआधी बाहेर पडण्याची नोटीस देणाऱ्या सभासदाला संचालक मंडळात जागा राहणार नाही. 2022मध्ये हाच नियम लावून यूएससी आणि यूसीएलएला मंडळाबाहेर ठेवलं होतं, नंतर कोलोरॅडोलाही. मग उरलेल्या सात जाणाऱ्यांना वेगळा न्याय कसा?

सप्टेंबर 2023मध्ये दोघांनी दावा लावला, तोही व्हिटमन काउंटीच्या कोर्टात. काउंटीचं ठिकाण कोलफॅक्स. पुलमनहून स्पोकेनच्या विमानतळाला जाताना हे छोटं गाव लागतंच. तिथल्या सिग्नलवर मी कितीदा थांबलो असेन. वॉशिंग्टन विद्यापीठ जाणाऱ्यांच्या बाजूने त्या दाव्यात उतरलं. एकाच राज्याची दोन सरकारी विद्यापीठं, एक वादी आणि एक समोर. वाटणीच्या दाव्यात भाऊ असेच समोरासमोर बसतात. 14 नोव्हेंबरला न्यायाधीश गॅरी लिबी यांनी मंडळाचा ताबा दोघांकडे दिला. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला आणि मग तडजोड झाली: जाणाऱ्या दहा जणांनी मिळून 6 कोटी 50 लाख डॉलर सोडले, आणि गटाची पुढची मिळकत आणि जबाबदाऱ्या दोघांकडे राहिल्या.

त्या लढ्यात ओरेगन स्टेटच्या बाजूने अध्यक्ष म्हणून उभ्या होत्या जयती मूर्ती. आयआयटी कानपूरच्या पदवीधर. 2022मध्ये कॉर्व्हॅलिसला येण्याआधी त्या यूसीएलएमध्ये इंजिनिअरिंगच्या डीन होत्या. ज्या विद्यापीठाने घर फोडायला सुरुवात केली तिथून आलेली बाई घर राखायला उभी राहिली. आमच्याकडून कर्क शुल्झ. 2024मध्ये टेरेसा गोल्ड कमिशनर झाल्या. एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, दोन सभासदांच्या कॉन्फरन्सला दोन वर्षांची सवलत दिली. त्या दोन वर्षांत आठ सभासद जमवायचे होते.

पोर्टल

इकडे खेळाडू निघाले. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2018मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं, 2021मध्ये एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, 2024मध्ये कितीदाही. त्याच 2021च्या 1 जुलैपासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025च्या 1 जुलैपासून विद्यापीठ थेट देऊ लागलं, पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरच्या मर्यादेत. ही मर्यादा गाठणं ओहायो स्टेटला जमेल. पुलमनला कसं जमावं?

आमचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्डचं उदाहरण घ्या. शाळेतून निघताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. टेक्ससमधल्या छोट्या इन्कार्नेट वर्डमध्ये खेळला, तिथला कोच पुलमनला आला तेव्हा 2022मध्ये त्याच्याबरोबर आला, दोन वर्षं आमच्याकडे तावून सुलाखून निघाला, मायामीला गेला, आणि 2025च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यांत पहिला निवडला गेला. त्याच्या जागी आलेल्या जॉन मटीरने 2024मध्ये फेकून 29 आणि धावून 15 टचडाउन केले. आम्ही 8-1 झालो, मग न्यू मेक्सिको, ओरेगन स्टेट आणि वायोमिंग यांच्याकडून ओळीने तीन सामने थोडक्यात हरलो. डिसेंबरात मटीर ओक्लाहोमाला गेला, त्याच्या आधी त्याचा आक्रमणाचा कोच तिथेच, आणि मुख्य कोच जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. त्याच्या जागी आलेला जिमी रॉजर्स साउथ डकोटा स्टेटहून पुष्कळ खेळाडू घेऊन आला आणि एका मोसमानंतर आयोवा स्टेटला गेला.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पण खेळाडूंवर मला राग नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय. गुडघा एकदा गेला की कारकीर्द संपली. ज्याला चार पैसे मिळताहेत त्याने ते घ्यावेत. शिवाय आम्हीही दुसऱ्यांच्या ताटातून घेतलंच. 2018चे 11 विजय गार्डनर मिन्श्यूचे, आणि तो ईस्ट कॅरोलायनाहून आलेला. बास्केटबॉलचा जेलन वेल्स सोनोमा स्टेट या छोट्या कॉलेजातून आला, एक मोसम खेळला आणि 2024मध्ये एनबीएत गेला. बावीस वर्षांच्या मुलाचं कॉलेज बदलणं आणि शंभर वर्षांच्या सरकारी विद्यापीठाचं शेजार सोडणं या दोन गोष्टी पाठीराखे एकाच तराजूत घालतात, तिथे मी भांडतो. मुलावर स्वतःची आणि घरच्यांची जबाबदारी आहे. विद्यापीठ राज्याच्या लोकांच्या पैशाने उभं आहे, त्याची जबाबदारी मोठी आहे.

भाकितांचं म्हणाल तर ओरेगन स्टेटच्या महिला बास्केटबॉलपुढे सगळ्यांनी हात टेकावेत. 2024च्या मार्चमध्ये त्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात पोचल्या आणि साउथ कॅरोलायनाकडून हरल्या. पाठोपाठ आठ मुली पोर्टलमध्ये गेल्या: रेगन बीअर्स ओक्लाहोमाला, टालिया व्हॉन ओलहॉफेन यूएससीला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला. सगळ्यांनी लिहून टाकलं, संघ संपला. कोच स्कॉट रूक राहिले. त्यांनी उरलेल्या आणि नव्या मुली घेऊन वर्षभर वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुण्यासारखे सामने खेळले, आणि 2025च्या मार्चमध्ये लास वेगासला उपांत्य सामन्यात गोंझागाला शेवटच्या क्षणी हरवून त्या कॉन्फरन्सची स्पर्धाच जिंकली. त्याच वर्षी त्यांचा बेसबॉल संघ कुठल्याही कॉन्फरन्सविना खेळून ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचला.

पुलमनची बातमी वेगळी होती. 2025च्या जूनमध्ये विद्यापीठाने ॲथलेटिक्समधले फेकीचे आणि उड्यांचे प्रकार बंद केले, भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. या ट्रॅकवर हेन्री रोनो धावलाय. केनियाचा हा मुलगा पुलमनमध्ये शिकत असताना 1978मध्ये 81 दिवसांत त्याने चार जागतिक विक्रम केले. गोळा आणि भाला फेकणाऱ्या मुलामुलींनी टीव्हीच्या कुठल्याच करारावर सही केली नव्हती. तरी सगळ्यात आधी बाहेर पडली ती हीच मुलं.

आठवा गडी

2024चं वेळापत्रक भरायला दोघांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सशी करार केला: प्रत्येकी सहा सामने, त्याचे 1 कोटी 40 लाख डॉलर. करारात एक कलम होतं. आमचे संघ नेलेत तर दंड, पहिल्याला 1 कोटी, पुढच्या प्रत्येकाला पाच लाखांनी वाढत. आमच्या लोकांनी सही केली. मग 12 सप्टेंबर 2024ला बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट पॅक-12मध्ये येणार असं जाहीर झालं, दहा-अकरा दिवसांत युटा स्टेट. पाच संघांचा दंड 5 कोटी 50 लाख. आणि पॅक-12 कोर्टात गेली, की हे कलमच बेकायदा आहे.

इथे मी माझ्या माणसांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. कोलफॅक्सला आपण म्हणालो, लिहिलेला नियम पाळा. वर्षभरात आपण सही केलेला कागद आपल्यालाच नको झाला. कॉर्व्हॅलिसवाला मित्र म्हणतो, "अरे, बुडणाऱ्याने काय करायचं?" त्याचं चुकत नाही. एफबीएस, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागातली, कॉन्फरन्स म्हणून टिकायला आठ फुटबॉल संघ लागतात, आणि घड्याळ चालू होतं. तरी माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्या वायोमिंग आणि न्यू मेक्सिकोच्या पाठीराख्याला 2024च्या सप्टेंबरमध्ये जे वाटलं ते मला 2023च्या ऑगस्टमध्ये वाटलं होतं. अगदी तेच.

गोंझागा आली, पण ती फुटबॉल खेळत नाही. लास वेगासची यूएनएलव्ही आणि हवाई दलाची अकादमी एअर फोर्स माउंटन वेस्टमध्येच थांबल्या. आठवा गडी जून 2025च्या शेवटी मिळाला: टेक्सस स्टेट, सॅन मार्कोस गावची. त्याच महिन्यात सीबीएसशी करार झाला. 1 जुलै 2026 ही नव्या गटाची पहिली तारीख.

माझ्या मापाने हा गट शोभतो का? गोंझागाचं स्पोकेन पुलमनहून गाडीने दीड तासापेक्षा कमी. बॉयझी पाच-साडेपाच तास. युटा स्टेटचं लोगन, कोलोरॅडो स्टेटचं फोर्ट कॉलिन्स, फ्रेझ्नो ही शेतीच्या, कष्टाच्या मुलखातली गावं, पुलमनच्या जातकुळीची. सॅन मार्कोस सुमारे अडीच हजार किलोमीटरवर. तिथे शेजार नाही, ती गरज आहे. खेळाच्या बाबतीत मी आशावादी आहे. 2024 आणि 2025च्या प्लेऑफमध्ये क्रमवारीतल्या वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा होती. 2024ला ॲश्टन जेंटीने धावून काढलेल्या 2,601 यार्डांच्या जोरावर बॉयझी स्टेट त्याच वाटेने तिसऱ्या मानांकनावर आत गेली. या नव्या गटाचा विजेता दर दोन-तीन वर्षांनी प्लेऑफ गाठेल असं मी पैजेवर सांगतो.

तेरा किलोमीटर

पुलमनहून पूर्वेला मॉस्को गाव तेरा किलोमीटरवर आहे, राज्य आयडाहो. मधे जुन्या रेल्वेमार्गावर सायकलचा रस्ता केलाय. शनिवारी सकाळी मी त्यावरून जायचो. दोन्ही बाजूंना गहू, पुढे युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोचं घुमटाकार स्टेडियम. हे विद्यापीठही एके काळी याच कॉन्फरन्समध्ये होतं. 1959मध्ये खेळाडूंना लपूनछपून पैसे देण्याच्या प्रकरणांनंतर पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स मोडली आणि कॅलिफोर्नियाच्या बड्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाला घेऊन नवा गट केला. वॉशिंग्टन स्टेट तेव्हाही बाहेर राहिली, ओरेगन स्टेटही. वॉशिंग्टन स्टेटला 1962मध्ये परत घेतलं, ओरेगनच्या दोघांना 1964मध्ये. आयडाहोला कुणी परत बोलावलं नाही. पुढे ते बिग स्काय कॉन्फरन्समध्ये गेलं, मधे मोठ्या विभागात येऊन पाहिलं, आणि 2018मध्ये पुन्हा खालच्या विभागात उतरलं. मी तिथे असताना हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

पूर्वी या दोन संघांचा सामना झाला की हरलेल्या बाजूचे विद्यार्थी आपल्या गावाहून जिंकणाऱ्यांच्या गावी हे अंतर पायी चालत जात. 2025च्या मोसमातला आमचा पहिला सामना आयडाहोशीच होता, पुलमनमध्ये. खालच्या विभागातल्या त्या संघाने आम्हाला शेवटपर्यंत झुंजवलं आणि आम्ही 13-10 असे कसेबसे जिंकलो.

नव्या पॅक-12च्या वेळापत्रकात कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांना जागा आहे. त्यातली एक दरवर्षी आयडाहोला द्या आणि ॲपल कप 2028च्या पुढे न्या. पुलमनच्या लोकांकडे माझी एवढीच मागणी आहे.